रेव्हरंड ना. वा. टिळक : श्रद्धा आणि संसार

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा एकाच प्रसंगावर खिळून राहते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. त्या वाचनात गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धर्मांतराची कथा म्हणून हा आलेख रेखीव आहे यात शंका नाही. परंतु बाप्तिस्म्यानंतर टिळक चोवीस वर्षे जगले. या काळात त्यांच्या श्रद्धेची परीक्षा प्रार्थनामंदिरात जेवढी झाली, त्याहून अधिक ती घरात, रुग्णाच्या उशाशी आणि पत्नीच्या डोळ्यांसमोर झाली. या परीक्षेचा इतिहास ध्यानी घेतल्याखेरीज टिळकांच्या काव्याचा आणि त्यांच्या ख्रिस्तभक्तीचा अर्थ पुरता उलगडत नाही.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव स्वभावाने कठोर, तर आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या. कवितेची गोडी मुलाला आईकडून लाभली. तिच्या अकाली मृत्यूनंतर पोरवयातच त्याने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले. आईचे वियोगदुःख आणि पित्याविषयीची अढी या दोहोंच्या खुणा टिळकांच्या पुढील आयुष्यात पदोपदी दिसतात. एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांना कधीच साधले नाही. शिक्षक, कीर्तनकार, संपादक, नागपूरच्या अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाखालील ग्रंथकार्य अशी कामे त्यांनी धरली आणि सोडली. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टाकावा आणि मग घरात धान्य नाही हे ध्यानात यावे, हा त्यांचा नित्याचा क्रम होता.

या अस्थिर संसाराचा भार लहानपणीच ज्यांच्यावर पडला त्या लक्ष्मीबाई. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म 1868 सालचा आणि विवाह वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीचा. त्यांचे माहेर सोवळ्याच्या बाबतीत इतके कडक की, शिवाशिवीच्या भयाने तेथील साधा दैनंदिन व्यवहारही अवघड होऊन बसे. त्या घरात वाढलेल्या स्त्रीच्या पतीने धर्मांतर करावे, ही घटना आज आपण कल्पनेने जाणू शकतो त्यापेक्षा कितीतरी दारुण होती. पती जिवंत, पण व्यवहारात नाहीसा झालेला; आपण सधवा, पण समाजाच्या दृष्टीने निराधार. आधीची अपत्ये अल्पवयात गेलेली, आणि उरलेला एकुलता मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा. धर्मांतराच्या वार्तेने लक्ष्मीबाईंच्या देहमनाला असा धक्का बसला की, त्या खंगत गेल्या. सुमारे चार-पाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरात. टिळकांच्या श्रद्धेचे पहिले मोल असे टिळकांनी नव्हे, तर लक्ष्मीबाईंनी भरले.

हे टिळकांना ठाऊक नव्हते असे नाही. पत्नीने आपल्या मागोमाग धर्म बदलावा असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि तिने यावे ही आशाही सोडली नाही. उभयतांचे पुन्हा एकत्र येणे टप्प्याटप्प्याने घडले. लक्ष्मीबाई प्रथम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या त्या आपले सोवळे सांभाळून, चूल वेगळी ठेवून. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर स्पर्शास्पर्शाचे बंधन एकदम झुगारून दिले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टिळकांच्या मतपरिवर्तनात ग्रंथवाचनाचा आणि तर्काचा वाटा मोठा, तर लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाचे क्षेत्र स्वयंपाकघर आणि पाण्याचे भांडे हे होते. एकाच श्रद्धेकडे जाणाऱ्या या दोन निराळ्या वाटा होत्या.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे महत्त्वाचे केंद्र. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन करू लागले, आणि 1904 साली त्यांना विधिपूर्वक धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेल्या होत्या. संस्कृत विद्येत मुरलेला कोकणस्थ ब्राह्मण आणि राहुरीसारख्या गावाच्या आसपासचा कष्टकरी ख्रिस्ती समाज यांच्यामध्ये जे अंतर होते, ते केवळ प्रवचनाने भरून निघणारे नव्हते. मंडळीत गायिली जाणारी गीते पुष्कळशी पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरांची होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी त्याआधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. अभंग, ओवी आणि पद यांच्या द्वारे त्यांनी ख्रिस्तभक्तीला मराठी घराचा सूर दिला. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची दोनशेहून अधिक गीते रूढ झाली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि तो सेतू इतरांसाठीही खुला राहावा हे त्यांच्या रचनेचे प्रयोजन होते.

परंतु खेड्यापाड्यांतील धर्मोपदेशकाचे काम गीतांपुरते मर्यादित नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर दोन अरिष्टे लागोपाठ कोसळली. 1896 साली मुंबईत प्रकटलेला प्लेग पुढे वर्षानुवर्षे गावोगाव फिरत राहिला, आणि 1899–1900 मध्ये भीषण दुष्काळ पडला. टिळकांनी दुष्काळात निराधार झालेली मुले घरी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना वाढवावे, असा प्रकार सुरू झाला. कधीकाळी परक्याच्या सावलीलाही जपणाऱ्या स्त्रीच्या पंक्तीला आता जातगोत न विचारलेली पोरे बसू लागली. प्लेगच्या साथींत तर कसोटी आणखी कठीण झाली. त्या काळी प्लेगचा रुग्ण म्हणजे घरातून उचलून गावाबाहेर छावणीत नेलेला, आप्तांनीही दुरावलेला जीव. औषध हाताशी नव्हते. शुश्रूषा एवढाच उपाय होता, आणि शुश्रूषा करणाऱ्याचा जीव प्रतिक्षणी धोक्यात होता. लक्ष्मीबाई या रुग्णांमध्ये जाऊन राहिल्या आणि त्यांची सेवा केली.

येथे टिळकांच्या चरित्रातील एक महत्त्वाचे वळण आहे. उपदेशकाने दयेचा, सेवेचा, मृत्यूवरील विजयाचा संदेश द्यावा हे स्वाभाविक. पण त्या संदेशाची प्रचिती आपल्याच घरातील, अक्षरओळख बेताची असलेल्या, मागाहून श्रद्धेत आलेल्या स्त्रीने आणून द्यावी, हा अनुभव त्यांना नम्र करणारा होता. पतीने शिकवावे आणि पत्नीने अनुसरावे हे प्रारंभीचे नाते या काळात पालटले. टिळकांच्या कवितेत गृहजीवनाला जे असाधारण स्थान मिळाले, त्याचे मूळ या पालटात शोधावे लागेल. ‘माझी भार्या’, ‘बापाचे अश्रू’ यांसारख्या कविता आणि ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ ही दीर्घकाव्ये केशवसुतांच्या समकालीन नव्या मराठी कवितेत निराळी उमटतात. फुलांचा आणि मुलांचा कवी हे त्यांना लाभलेले बिरुद कोवळ्या विषयांचे निदर्शक मानले जाते. ज्या घरात मुले मरण पावली आणि परकी मुले वाढली त्या घरातील कवीच्या संदर्भात त्या बिरुदाला अधिक गंभीर अर्थ प्राप्त होतो.

याच घरात बालकवी ठोंबरे यांना काही काळ आसरा मिळाला. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात पुढे आलेला हा तरुण कवी टिळक दांपत्याच्या घरी मुलासारखा राहिला. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसही नव्हते.

तोपर्यंत टिळकांच्या आयुष्याने आणखी एक वळण घेतले होते. मिशनचे वेतन आणि पाश्चात्त्य संघटनेची चौकट यांचा भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मनावर पडणारा दाब त्यांना असह्य होत गेला होता. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही संकल्पना प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, या दोघांनाही ख्रिस्ताच्या भोवती एकत्र येता यावे असा बंधुसमाज त्यांना अभिप्रेत होता. तात्त्विक दृष्ट्या हे पाऊल धाडसी होते. परंतु लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले म्हणजे 1895 चीच पुनरावृत्ती होण्याचे भय त्यात होते. पती पुन्हा एकदा एका हाकेच्या मागे निघाला होता. फरक एवढाच, आणि तो थोडा नव्हे, की या वेळी पत्नी मागे राहिली नाही.

दरबार उभा राहण्यास अवधी हवा होता आणि तोच मिळाला नाही. अवघ्या दोन वर्षांत टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले आणि जे. जे. रुग्णालयात 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने दफनाऐवजी दहन मागावे, यात श्रद्धेशी तडजोड नव्हती. जन्मभूमीच्या रीतीत राहूनच ख्रिस्ताचे होता येते, या आजन्म प्रतिपादनाचा तो शेवटचा उच्चार होता. मात्र मागे राहिलेल्या संसाराची तजवीज टिळकांनी याही वेळी केलेली नव्हती. 1909 मध्ये आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही दहा-अकरा अध्यायांपाशी अपुरे राहिले होते.

दोन्ही अपुरी कामे लक्ष्मीबाईंनी उचलली. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू इच्छित होता. त्याला साहाय्य म्हणून त्या आठवणी लिहू लागल्या आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. ‘ख्रिस्तायना’चे उरलेले साठांहून अधिक अध्याय त्यांनीच रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले आणि ते महाकाव्य त्यांच्या पश्चात 1938 मध्ये प्रकाशित झाले.

तौलनिक दृष्टीने पाहता हा प्रकार विरळा आहे. संत ऑगस्टीनच्या आत्मकथनात त्याच्या मुलाची आई त्याच्या ठरलेल्या विवाहातील अडसर म्हणून दूर केली जाते आणि तिचे नावही वाचकाला कळत नाही. तुकोबांची जिजाई आपल्याला भेटते ती इतरांच्या शब्दांतून, बहुतेक वेळा कजाग म्हणून. श्रद्धावंताच्या चरित्रात त्याच्या श्रद्धेचा भार वाहणारी व्यक्ती सामान्यतः मूक असते. टिळकांच्या बाबतीत मात्र तीच चरित्रकार झाली. तिने पतीचा संताप, विसराळूपणा, उधळेपणा लपविला नाही; त्याचे मोठेपणही कमी केले नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये टिळक कित्येकदा हास्यास्पद दिसतात आणि तरीही लहान दिसत नाहीत. मराठीतील धर्मविषयक लेखनात श्रद्धेला मिळालेली याहून प्रामाणिक साक्ष क्वचितच आढळेल. टिळकांनी मराठी ख्रिस्ती समाजाला गीते दिली. ती गीते ज्या घरात जगली गेली आणि ज्या माणसांनी त्यांचे मोल भरले, त्यांचा हिशोब लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवला. टिळकांचे चरित्र लिहू पाहणाऱ्याला तो हिशोब वगळून पुढे जाता येणार नाही.