१४ जानेवारी : एका ओळीत न मावणारा माणूस

दिनविशेष म्हणजे पेपरातलं सगळ्यात छोटं काम, त्यामुळे ते इंटर्नच्या वाट्याला येतं. एक तारीख घ्यायची, त्या दिवशीच्या घटना, जन्म, मृत्यू शोधायचे आणि प्रत्येकाला एक ओळ द्यायची. १४ जानेवारीची यादी मी पटकन केली. १७६१, पानिपतचं तिसरं युद्ध. १९९४, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार. १८९६, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म. झालं काम!

पण मग लक्षात आलं, हे तर आपल्या रोह्याचे. तुमच्यातले कितीतरी जण पेण-रोहा गाडीने रोज ये-जा करता. त्याच पट्ट्यातल्या माणसाला आपण एका ओळीत गुंडाळायचं?

जन्म महाडजवळच्या नाते गावात, बालपण रोह्यात, वडील वकील. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला अख्ख्या मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिजला गेले, तिथे विषय घेतला वनस्पतिशास्त्र! १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिला नंबर. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. माझंही वय तेवढंच आहे, म्हणून हा आकडा जरा टोचला.

१९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्सची परिषद भरली, जिथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात ते होते. १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं; दोन्ही वेळा अर्थखातं त्यांच्याकडेच होतं.

आता खरी गोष्ट ऐका. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते निवडून आले होते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या आपल्या रायगडमधून. १९५६ मध्ये भाषावार राज्यं होत असताना मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवायचं केंद्र सरकारने ठरवलं. देशमुखांना ते पटलं नाही. मुळात ते आंदोलनातले नव्हते, फायलींतले माणूस होते. गप्प बसले असते तर खुर्ची टिकली असती. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे चार वर्षांनी, १ मे १९६० ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यात हजारोंच्या लढ्याचा आणि हौतात्म्य पत्करलेल्यांचा वाटा मोठा. पण खुद्द मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्या या माणसाचाही आहे.

नंतर ते यूजीसीचे अध्यक्ष झाले. होय, तीच यूजीसी, जिच्या नेटची तुम्ही तयारी करता. मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि हरले. आयुष्यभर पहिला नंबर काढणारा माणूस इथे मात्र मागे पडला. या सगळ्यात वेळ काढून त्यांनी कालिदासाचं 'मेघदूत' मराठीत आणलं.

ते गेले २ ऑक्टोबर १९८२ ला. म्हणजे बघा, जन्म पानिपत आणि संक्रांतीच्या दिवशी, मृत्यू गांधी जयंतीला. दोन्ही तारखांना यादीत गर्दी, त्यामुळे त्यांची ओळ हमखास कापली जाते.

म्हणून एक सुचवते. स्पर्धा परीक्षेसाठी दिनविशेष पाठ करताच ना, मग एक वही आपल्या तालुक्याचीही करा. सुरुवात मी करून देते. ११ सप्टेंबर १८९५, विनोबा भावे, गागोदे, तालुका पेण. १९ ऑक्टोबर १९२०, पांडुरंगशास्त्री आठवले, रोहा. आणि १४ जानेवारीसमोर जरा जास्त जागा सोडा. पहिले गव्हर्नर तर लिहाच, पण खाली हेही लिहा : मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडलं.