पाच नंबरचा पत्ता आणि गॅरी किल्डॉल

स्मार्ट बल्बमध्ये ईएसपी३२ चिप असेल तर एक गंमत बघा. मेमरी कॉपी करण्यासारखी नेहमीची फंक्शन्स त्या चिपच्या रॉममध्ये आधीपासूनच असतात. फर्मवेअर बनवताना आपण लिंकरला फक्त त्यांचे पत्ते देतो. तोच कोड पुन्हा भरावा लागत नाही, जागा वाचते. आधीच मशीनमध्ये असलेला कोड ठरलेल्या पत्त्यावरून वापरायची सवय छोट्या कॉम्प्युटरना लावण्यात गॅरी किल्डॉल यांचा मोठा वाटा आहे.

जन्म १९४२चा, सिएटलमधला. १९७२ मध्ये पीएचडी, मग मॉन्टेरेला नौदलाच्या संस्थेत प्राध्यापकी. सोबत इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा, आणि १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम.

अडचण अशी होती की प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. डिस्क वेगळी, मेमरी कमी-जास्त. सिस्टीम मेमरीच्या वरच्या टोकाला बसायची, म्हणजे तिचा पत्ताही मशीनगणिक बदलणार. किल्डॉलनी हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. प्रोग्रामसाठी मात्र पत्ता कायम एकच, ५. तिथे खऱ्या कोडकडे नेणारी एक उडी. सी रजिस्टरमध्ये कामाचा नंबर टाका (अक्षर छापायचं तर २) आणि ५ ला कॉल करा, बस्स! मी एकदा ही मधली उडी टाळून लायब्ररीचा थेट पत्ता फर्मवेअरमध्ये लिहिला होता. लायब्ररीची नवी आवृत्ती आली, फंक्शन सरकलं आणि बोर्ड ठप्प. दोन दिवस गेले.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं दारात आली, पण करार झाला नाही. किल्डॉल विमान उडवत बसले आणि संधी हुकली, असं अजूनही चवीने सांगतात. खरं तर ते कामासाठीच एका ग्राहकाकडे गेले होते. नेहमी करार बघणाऱ्या त्यांच्या पत्नी डोरोथी भेटल्या, आणि गोपनीयतेच्या कागदावर गाडी अडली. आयबीएमला शेवटी मायक्रोसॉफ्टने डॉस दिलं. त्यातले सिस्टीम कॉल सीपी/एमच्याच वळणाचे, ५ नंबरचा दरवाजासुद्धा ठेवलेला. मला तरी हुकलेल्या करारापेक्षा हे जास्त बोलकं वाटतं.

१९९१ मध्ये त्यांची डिजिटल रिसर्च कंपनी नोव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, मॉन्टेरेत ते गेले. वय अवघं ५२.