पुस्तकं होती, पण बोटांना वाचता येत नव्हती. १५ वर्षांच्या लुई ब्रेलनं ६ ठिपक्यांत उत्तर शोधलं

परीक्षेच्या आदल्या रात्री कॉलेजच्या ग्रुपवर नोट्सची पीडीएफ येऊन पडते. डोळस पोरांचं काम झालं. पण ती पीडीएफ पानांचे नुसते फोटो काढून बनवलेली असेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनमधला स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. त्याच्या लेखी तिथे अक्षरं नाहीतच, नुसतं चित्र आहे. म्हणजे पुस्तक मिळालं, पण वाचता येईना.

२०० वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या अंध मुलांच्या शाळेतही असंच चाललं होतं. तिथल्याच एका विद्यार्थ्यानं त्यावर उत्तर शोधलं.

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. गाव कूव्रे, पॅरिसच्या पूर्वेला. वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे. लुई ३ वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. चामड्याला भोकं पाडायची आरी त्याच्या हाताला लागली आणि तीच डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि ५ वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले.

त्या काळात अंध मुलाच्या नशिबी बहुतेक वेळा भीक मागणं यायचं. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला गावच्या शाळेत घातलं. पोरगा ऐकून ऐकून शिकला आणि वर्गात पुढे राहिला. १८१९ मध्ये, १० वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या शाळेत दाखल झाला. व्हॅलेंटिन आयुई यांनी १८ व्या शतकाच्या अखेरीस ही शाळा सुरू केली होती, आणि अंधांनाही वाचायला शिकवता येतं हे जगाला दाखवलं होतं. ते श्रेय त्यांचंच.

पण आयुईंची पुस्तकं कशी होती? ओल्या जाड कागदावर नेहमीची रोमन अक्षरं दाबून उठवलेली. अक्षरं मोठी, पुस्तकं अवजड आणि महाग, त्यामुळे मोजकीच. एकेक अक्षर बोटानं चाचपत वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. आणि मुख्य म्हणजे ही अक्षरं वाचता आली, तरी अंध मुलाला स्वतः लिहिता येत नव्हती. डोळ्यांसाठी बनलेला आकार उचलून बोटांवर लादला होता. पाहुण्यांना दाखवायला पुस्तकं झकास होती.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या माजी तोफखाना अधिकाऱ्याची पद्धत शाळेत पोचली. त्यात अक्षरं नव्हती, उठावाचे ठिपके होते. (नेपोलियननं सैनिकांसाठी हा कोड मागवला, ही गोष्ट सोशल मीडियावर हमखास फिरते. तिला भक्कम पुरावा नाही.) बार्बिएंची कल्पना जबरदस्त होती, कारण बोटाला रेषेपेक्षा ठिपका पटकन कळतो. शिवाय ठिपके हातानं टोचून लिहिताही येतात. पण एका चिन्हात १२ पर्यंत ठिपके असायचे, ते एका बोटाखाली मावत नसत. त्यात पद्धत उच्चारांवर चालणारी, म्हणजे स्पेलिंग, विरामचिन्हं, आकडे काहीच नाही.

लुई यावर काम करत बसला. १८२४ पर्यंत, वयाच्या १५ व्या वर्षी, त्याची पद्धत तयार झाली होती. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत ३ ठिपके. बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात अख्खं अक्षर. पहिली १० अक्षरं वरच्या ४ ठिपक्यांतून, पुढच्या १० साठी त्यात खालचा डावा ठिपका वाढवायचा, त्यापुढे खालचे दोन्ही. तर्क एकदा कळला की पाठांतर फार उरत नाही. लिहायला पाटी आणि टोच्या. कागद मागून टोचायचा असतो, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि वाचताना कागद उलटायचा.

प्रत्येक ठिपका एकतर वर किंवा सपाट. म्हणजे ६ जागांच्या ६४ रचना, त्यातली एक कोरी. कॉम्प्युटरला ही भाषा लगेच समजते. आजच्या ब्रेल डिस्प्लेवर बारीक पिना वरखाली होतात आणि स्क्रीनवरचा मजकूर बोटाखाली येतो. त्यासाठी फाइलमध्ये खरीखुरी अक्षरं हवीत, एवढीच अट.

१८२९ मध्ये लुईनं आपली पद्धत पुस्तकात मांडली. त्यात श्रेय बार्बिएंनाही दिलं. गंमत अशी की हे पुस्तक छापलं होतं उठावाच्या रोमन अक्षरांतच. ब्रेलची ओळख ब्रेलमध्ये करून द्यायची सोय अजून नव्हती. १८३७ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि त्याच वर्षी शाळेनं फ्रान्सचा इतिहास ब्रेलमध्ये छापला.

तोवर लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. १८३९ मध्ये त्यानं ठिपक्यांतून नेहमीची रोमन अक्षरं काढायची पद्धत बसवली, म्हणजे अंध मुलाला घरी पत्र लिहिता येईल. पुढे फ्रांस्वा-पियेर फुको या अंध मित्रानं त्यासाठी यंत्रही बनवलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

१८४० मध्ये मात्र शाळेचे संचालक बदलले. नवे संचालक द्युफो यांनी ब्रेल बंद केली. डोळस शिक्षकांना ठिपके वाचता येत नव्हते, आणि अंधांची लिपी वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील, असा युक्तिवाद तेव्हा व्हायचा. ज्यांना वाचायचं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. मुलं चोरून लिहीत राहिली. शेवटी उपसंचालक ग्वादे यांनी बाजू घेतली. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात मुलांनी लोकांसमोर ब्रेल लिहून आणि वाचून दाखवली. बंदी टिकली नाही.

लुईला क्षयानं बरीच वर्षं पोखरलं होतं. ६ जानेवारी १८५२ ला, ४३ व्या वर्षी तो गेला. फ्रान्सनं त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. भारतात वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे ब्रेल कोड चालायचे. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि मराठीही त्यात आली. लुईचा पहिला एकटा ठिपका मराठीत ‘अ’ झाला.

पुढच्याच वर्षी, मृत्यूला १०० वर्षं झाल्यावर, फ्रान्सनं त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथियॉनमध्ये नेले. हात मात्र कूव्रेच्या लोकांनी गावातच ठेवून घेतले. ते आजही तिथल्या कबरीवरच्या कलशात आहेत.