जोसेफ ॲलन हायनेक

एखाद्या विद्वानाची थोरवी आपण त्यानें सोडविलेल्या प्रश्नांवरून मोजतों. परंतु उत्तर हातीं नसतां तो कसा वागला, हेंहि पाहणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणूनच अमेरिकेंतील ज्योतिर्विद जोसेफ ॲलन हायनेक यांचें अल्पचरित्र आम्ही आपणांपुढें ठेवीत आहोंत.

हायनेक यांचा जन्म १ मे १९१० रोजीं शिकागो येथें झाला. त्यांचे आईबाप चेक वंशाचे होते. १९३५ मध्यें शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून पुढील वर्षीं ते ओहायओ येथें अध्यापक झाले. १९५७ मध्यें रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हां उपग्रहांचा मागोवा घेण्याची एक मोठी योजना त्यांच्या देखरेखीखालीं होती. तिचें एक केंद्र आपल्या नैनितालासहि होतें.

तथापि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें निराळ्याच कारणानें. जून १९४७ मध्यें केनेथ अर्नोल्ड नामक वैमानिकानें नऊ तेजस्वी वस्तु विलक्षण वेगानें उडतांना पाहिल्याचें सांगितलें. वृत्तपत्रांनीं त्यांस उडत्या तबकड्या म्हटलें, आणि देशभर तशाच वार्ता उठूं लागल्या. परराष्ट्राचीं नवीं विमानें तर हीं नव्हेत, या शंकेनें हवाईदलानें चौकशी आरंभिली व १९४८ मध्यें हायनेक यांस सल्लागार नेमिलें. पाहणाऱ्यानें सांगितलेली वेळ व दिशा घेऊन त्या ठिकाणीं एखादा ग्रह, तारा वा उल्का होती कीं काय, हें त्यांनीं पडताळावयाचें होतें. १९५२ पासून ही चौकशी ‘ब्लू बुक’ या नांवानें चालली.

आरंभीं हायनेक यांस हा सारा प्रकार थोतांड वाटे. बहुतेक वार्तांचा उलगडा शुक्र, उल्का, बलून वा विमान यांनीं होईहि. परंतु अनुभवी वैमानिकांच्या कांहीं हकीकती कोणत्याच उत्तरांत बसेनात. मग मार्च १९६६ मध्यें मिशिगन प्रांतांत अनेकांनीं चमत्कारिक दिवे पाहिले. त्यांतील कांहीं दिवे दलदलींत कुजणाऱ्या वनस्पतींच्या वायूचे असावेत, असें हायनेक यांनीं वार्ताहरांस सांगितलें. देशभर त्यांची थट्टा झाली. प्रतिनिधिगृहाचे सभासद जेराल्ड फोर्ड यांनीं संसदेनें चौकशी करावी अशी मागणी केली.

दुसरा कोणी आपल्याच म्हणण्यास चिकटून बसला असता. हायनेक यांनीं प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें स्वतंत्र शास्त्रज्ञांनीं या विषयाचा विचार करावा, अशी शिफारस केली. ज्या चौकशीचे ते सल्लागार, तीच उथळ असल्याचें ते पुढें उघडपणें सांगूं लागले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या मंडळानें १९६८ मध्यें या शोधांतून शास्त्रास विशेष लाभ नाहीं असा निर्णय दिला. हायनेक यांनीं तोहि मानला नाहीं. १९६९ च्या डिसेंबरांत चौकशी बंद झाली, तेव्हां १२,६१८ वार्तांपैकीं ७०१ अनिर्णीत राहिल्या होत्या. १९७३ मध्यें त्यांनीं या अभ्यासासाठीं स्वतःची संस्था स्थापिली.

अनिर्णीत म्हणजे परग्रहावरील विमान नव्हे. तसा पुरावा मिळालेला नाहीं. अनिर्णीत म्हणजे केवळ उत्तर न सांपडलेलें. हा भेद हायनेक यांनीं लोकांच्या हंशास न भितां राखिला.

२७ एप्रिल १९८६ रोजीं ते वारले. त्यांच्या जन्मवर्षीं दिसलेला हॅलेचा धूमकेतु त्या वर्षीं पुन्हां सूर्याजवळ आला होता. मुलांनो, ठाऊक नसेल तेथें ठाऊक नाहीं असें म्हणण्यास लाजूं नका. आणि पालकहो, तसें म्हणणाऱ्या मुलास हंसूं नका. शोधाचा आरंभ तेथूनच होतो.