ॲपलबीबाई

इ. स. 1873 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक डॉ. एडवर्ड क्लार्क हे हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत अध्यापन केलेले नामवंत वैद्य होते. मुलींनी मुलांप्रमाणे उच्च शिक्षणाचा भार उचलला, तर त्यांचे शरीर खचते आणि मातृत्वाची शक्ती क्षीण होते, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले होते. पुस्तक हातोहात खपले. मुलींना महाविद्यालयात पाठवू इच्छिणाऱ्या घरांत त्याने धास्ती निर्माण केली. त्याच वर्षी, 4 जून रोजी, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील चिगवेल या गावी कॉन्स्टन्स ॲपलबी यांचा जन्म झाला.

बालपणी कॉन्स्टन्सची प्रकृती अतिशय नाजूक होती. इतकी, की तिला शाळेत धाडणेही घरच्यांना धोक्याचे वाटले. तिचे शिक्षण घरीच झाले. अशी मुलगी पुढे आयुष्यभर मैदानावर उभी राहील, असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. परंतु वयात आल्यावर तिने जो विषय निवडला, तो शरीरशिक्षणाचाच. लंडनमधील शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून तिने पदविका मिळवली.

त्या काळी इंग्लंडमध्ये स्त्रियांचे हॉकी बाळसे धरू लागले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत हा खेळ रुजला होता. 1895 मध्ये स्त्री-खेळाडूंनी स्वतःची संघटना स्थापन केली. पुरुषांच्या हॉकी संघटनेकडे त्यांनी मान्यता मागितली, तेव्हा तिने ती नाकारली. स्त्रियांनी मग त्या मान्यतेवाचून आपला कारभार स्वतःच चालवला. ही आत्मनिर्भरता ॲपलबीबाईंनी जवळून पाहिली होती, आणि पुढे ती त्यांच्या फार उपयोगी पडली.

1901 च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या अमेरिकेत आल्या. हार्वर्ड येथे डॉ. डडली सार्जंट शरीरशिक्षणाचे उन्हाळी वर्ग घेत असत. शरीराची मोजमापे घेण्याचे शास्त्र शिकावे, एवढाच त्यांचा हेतू होता. एके दिवशी वर्गात मुलींच्या व्यायामाची चर्चा निघाली. अमेरिकन महाविद्यालयांत मुलींना संगीतखुर्ची आणि रुमाल टाकण्याचा खेळ यांसारखे खेळ व्यायाम म्हणून दिले जातात, हे ऐकून बाईंना नवल वाटले. हे खेळ इंग्लंडमध्ये मेजवानीच्या वेळी करमणुकीसाठी खेळतात. व्यायामासाठी तेथील मुली हॉकी खेळतात, असे त्यांनी सरळ सांगून टाकले.

सांगितले तर दाखवणे भाग होते. हॉकीच्या काठ्या मिळेनात, तेव्हा बर्फावरच्या हॉकीच्या काठ्या गोळा करण्यात आल्या. चेंडूच्या जागी घरात खेळायच्या बेसबॉलचा चेंडू आला. हार्वर्डच्या व्यायामशाळेमागील अंगणात वर्गातील विद्यार्थीच खेळाडू झाले आणि सामना सुरू झाला. ज्या हार्वर्डमधील एका वैद्याने स्त्रियांच्या दुर्बलतेचा सिद्धान्त मांडला होता, त्याच हार्वर्डच्या अंगणात हे घडावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

हा खेळ पाहणाऱ्यांत वॅसर या स्त्रियांच्या महाविद्यालयातील शरीरशिक्षणाच्या प्रमुख हॅरिएट बॅलंटाइन होत्या. त्यांनी 1895 मध्येच आपल्या विद्यार्थिनींच्या मैदानी शर्यती भरवल्या होत्या. त्यांनी बाईंना लगेच वॅसरला येण्याचे निमंत्रण दिले. त्या शरद ऋतूत बाई वॅसरला गेल्या आणि तेथून स्मिथ, वेलस्ली, माउंट होल्योक, रॅडक्लिफ, ब्रिन मॉर अशा एकामागून एक महाविद्यालयांत फिरल्या. विद्यार्थिनी पायघोळ झगे घालून मैदानात उतरत. काठीच्या सपाट बाजूनेच चेंडू मारायचा, गोल बाजूने नाही, येथपासून सारे शिकवावे लागे. खेळाचा आरंभ करताना दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहत, काठी जमिनीवर आणि मग एकमेकींच्या काठीवर तीनदा आपटत आणि चेंडूवर झेप घेत. ही रीत मुलींना विशेष आवडली असावी. त्याच वर्षी बाईंच्या पुढाकाराने हॉकीची अमेरिकन संघटना स्थापन झाली आणि इंग्लंडमधील स्त्रियांचे नियम तिने स्वीकारले.

1904 मध्ये बाई पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर महाविद्यालयात मैदानी खेळांच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. तेथील अध्यक्षा एम. कॅरी टॉमस यांनी तरुणपणी डॉ. क्लार्क यांच्या पुस्तकाची भीती स्वतः अनुभवली होती. स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने शिकावे, याविषयी त्या अत्यंत आग्रही होत्या. पण विद्यार्थिनी आजारी पडू लागल्या, तर विरोधकांचे म्हणणे खरे ठरले असते. म्हणून ब्रिन मॉरचे मैदान ही केवळ करमणुकीची जागा नव्हती. तेथे एका वादाचा निकाल लागायचा होता.

बाई जवळजवळ पंचवीस वर्षे तेथे राहिल्या. शिकवताना त्या कठोर होत्या. चुकीला त्यांच्याजवळ क्षमा नसे आणि त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचे. तरीही विद्यार्थिनींनी त्यांना लाडाने ‘ॲपल’, म्हणजे सफरचंद, असे नाव ठेवले होते. दोन-चार नामांकित खेळाडू तयार करून थांबण्यात त्यांना रस नव्हता. अधिकाधिक मुलींच्या हाती काठी यावी, असा त्यांचा प्रयत्न असे. मैदानाबाहेर विद्यार्थिनींच्या ख्रिस्ती संघटनेच्या कामातही त्या मनापासून रमल्या.

फिलाडेल्फिया शहराच्या परिसरात या खेळाने चांगलेच मूळ धरले. 1920 मध्ये तेथील स्त्रियांचा संघ इंग्लंडला जाऊन खेळला. तेथे त्याला पराभव पत्करावे लागले, पण पुढच्याच वर्षी इंग्लिश संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. 1922 मध्ये फिलाडेल्फिया येथे नवी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. याच सुमारास बाईंनी पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात हॉकीचे उन्हाळी शिबिर सुरू केले. शाळकरी मुली, महाविद्यालयीन खेळाडू, शिक्षिका साऱ्या तेथे एकत्र शिकत. शिबिरातून गेलेल्या शिक्षिका आपापल्या शाळांत हॉकी सुरू करीत. हा खेळ पसरला तो बव्हंशी असाच, हातोहाती. 1924 मध्ये बाईंनी स्त्री-खेळाडूंसाठी ‘द स्पोर्ट्सवुमन’ हे मासिकही काढले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतात हॉकी आले ते लष्करी छावण्यांतून, म्हणून ते प्रथम पुरुषांचे झाले आणि 1928 मध्ये ॲमस्टरडॅम येथे पुरुषांनीच ऑलिंपिक सुवर्णपदक आणले. अमेरिकेत हाच खेळ स्त्रियांच्या महाविद्यालयांतून पसरला, त्यामुळे तेथील लोक त्याला मुलींचाच खेळ मानू लागले. खेळ एकच, पण तो कोणत्या दाराने घरात शिरला, यावर त्याचे नाते ठरले.

ब्रिन मॉर सोडल्यावर बाईंचे आयुष्य इंग्लंड आणि अमेरिका यांत विभागले गेले. त्यांच्या कामात आणि घरात अनेक वर्षे साथ देणाऱ्या मेरी वॉरन टेलर 1936 मध्ये निवर्तल्या. बाईंनी काम थांबवले नाही. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही त्या शिबिरात मुलींना काठी धरायला शिकवत होत्या.

1972 मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा झाला आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळांवरही खर्च करणे भाग पडले. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला. अमेरिकेने त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता. सहा संघ खेळले. झिंबाब्वेने सुवर्णपदक जिंकले आणि भारताच्या मुली चौथ्या आल्या. ॲपलबीबाई तेव्हा 107 वर्षांच्या होत्या. 26 जानेवारी 1981 रोजी इंग्लंडमधील बर्ली या गावी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या हंगामात अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने स्त्रियांच्या हॉकीची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली आणि कनेक्टिकट विद्यापीठाने ती जिंकली.