हातांनी बोलणारे गुरुजी : लोराँ क्लेर



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला संकोचच वाटला. थोर म्हटले की ठरलेली नावे डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्याविषयी माझ्याहून जाणत्या भगिनींनी पूर्वीच्या अंकांत लिहून ठेवले आहे. म्हणून मी एक परदेशी गृहस्थ निवडले आहेत. ते फ्रान्सात जन्मले, अमेरिकेत शिक्षक झाले आणि तेथेच वारले. त्यांना ऐकू येत नव्हते आणि ते तोंडाने बोलत नसत. तरीही जगातील कर्णबधिर मंडळी आज त्यांचे नाव आदराने घेतात. ते नाव लोराँ क्लेर.

मी त्यांच्याकडे वळले ती आमच्या वन्संमुळे. वन्सं जन्मापासून बहिऱ्या. मी सून म्हणून घरात पाऊल टाकले, त्या दिवशी त्यांनी मला नीट निरखून पाहिले आणि अंगठा व तर्जनी नाकाशी नेऊन नथीची खूण केली. तेव्हापासून त्यांच्या लेखी माझे नाव नथ. सासूबाईंचे नाव अंबाडा, मामंजींचे चष्मा. पुढे माझी नथ पेटीत गेली, केस पिकले, पण नाव बदलले नाही. चाळीस वर्षे आम्ही दोघींनी एका स्वयंपाकघरात काढली. त्यांच्या सगळ्या खुणा मला समजत, पण त्या खुणांना मी कधी भाषा मानले नाही. पाहुणे आले की हात आवरा म्हणून मीच त्यांना डोळ्यांनी दटावीत असे. आज ते आठवले की मन खाते. त्या गेल्यानंतर क्लेर यांचे चरित्र माझ्या वाचनात आले, आणि आपल्या घरात काय नांदत होते ते मला फार उशिरा उमगले.

क्लेर यांचा जन्म 26 डिसेंबर 1785 रोजी फ्रान्समधील लियों शहराजवळच्या ला बाल्म या गावी झाला. वडील गावचे प्रमुख होते. मूल वर्षाचे असताना खुर्चीवरून चुलीच्या विस्तवात पडले आणि उजवा गाल भाजला. त्यातच त्याची श्रवणशक्ती आणि वास घेण्याची शक्ती गेली असे घरच्यांचे म्हणणे होते. गालावर व्रण मात्र कायमचा राहिला. पुढे शाळासोबत्यांनी त्यावरूनच त्यांना नाव दिले : दोन बोटे गालावरून खाली ओढायची, की झाले क्लेर. हे वाचले आणि मला एकदम माझी नथ आठवली. बहिरी माणसे एकमेकांना अशीच खुणेची नावे देतात, ही रीत देशोदेशी आहे. आमच्या वन्संना ती कोणी शिकवली नव्हती.

बारा वर्षांपर्यंत या मुलाला शाळा माहीत नव्हती. गायी चरायला न्याव्या, घोड्याला पाण्यावर न्यावे, असे दिवस चालले होते. 1797 साली काकांनी त्याला पॅरिसच्या कर्णबधिरांच्या शाळेत नेऊन घातले. या शाळेची कथा आपण बायकांनी ऐकावी अशी आहे. आबे द लेपे नावाचे एक धर्मोपदेशक एकदा एका गरीब घरी गेले. दोन बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. आबेंनी विचारपूस केली, पण त्यांनी मान वर केली नाही. आई आली तेव्हा कळले की दोघी बहिऱ्या आहेत. त्या दोन मुलींना शिकवता शिकवता आबेंनी 1760च्या सुमारास फुकट शिकवणारी शाळा उभी केली, असे सांगतात. त्यांचे मोठेपण असे, की पॅरिसच्या बहिऱ्या लोकांत ज्या खुणा आधीपासून चालत होत्या त्या त्यांनी स्वतः शिकून घेतल्या आणि त्यांच्याच आधारे मुलांना लिहायला-वाचायला शिकवले.

क्लेर तेथे पोहोचले तेव्हा आबे निवर्तले होते आणि सिकार हे प्रमुख होते. क्लेर यांचे पहिले गुरू मास्यू हे स्वतः बहिरे होते. आपल्यासारखाच एक माणूस फळ्यापाशी उभा राहून शिकवतो आहे, हे पाहून त्या खेडवळ मुलाला केवढा धीर आला असेल! उलट अनुभवही त्याच शाळेत आला. तोंडाने बोलायला शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी, द आणि त यांचा उच्चार जमेना म्हणून, रागाने त्यांच्या हनुवटीवर ठोसा मारला. जीभ दातांखाली सापडली. त्या दिवशी मुलाने मनाशी गाठ बांधली की आता तोंडाने बोलायचे नाही. पुढे ते उत्तम फ्रेंच लिहू लागले, नंतर उत्तम इंग्रजीही लिहिले, पण बोलले ते हातांनीच. विशीत ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

आता क्षणभर समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड गावी डॉक्टर कॉग्जवेल राहत. त्यांची अ‍ॅलिस दोन वर्षांची असताना आजारात बहिरी झाली. देशात अशा मुलांसाठी कायमची एकही शाळा नव्हती. 1814 साली शेजारच्या थॉमस गॅलॉडेट नावाच्या तरुणाने या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला आपली टोपी दाखवली आणि टोपी हा शब्द मातीत लिहिला. मुलीला त्यातले मर्म समजले. मग डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी करून गॅलॉडेट यांना ही विद्या शिकून येण्यासाठी विलायतेला पाठवले.

इंग्लंडात ही विद्या ब्रेडवुड नावाच्या एका घराण्याच्या मुठीत होती. काही वर्षे मदतनीस म्हणून राहा आणि पद्धत कोणाला सांगू नका, अशा त्यांच्या अटी होत्या. त्या गॅलॉडेट यांना मानवल्या नाहीत. योगायोग असा की 1815 साली सिकार हे मास्यू आणि क्लेर यांना घेऊन लंडनला प्रात्यक्षिके दाखवायला आले होते. तेथे गाठ पडली, पुढे गॅलॉडेट पॅरिसला गेले, आणि अखेरीस त्यांनी क्लेर यांना आपल्याबरोबर येण्याची गळ घातली.

18 जून 1816 रोजी दोघे जहाजात बसले. प्रवास 52 दिवसांचा झाला. त्या दिवसांत क्लेर यांनी गॅलॉडेट यांच्याकडून इंग्रजी घेतली आणि गॅलॉडेट यांनी क्लेर यांच्याकडून खुणांची भाषा घेतली. कोण गुरू आणि कोण शिष्य, हे सांगता येऊ नये असा तो प्रवास! अमेरिकेत दोघांनी गावोगाव फिरून पैसा उभा केला, राज्याने 5,000 डॉलर दिले, आणि 15 एप्रिल 1817 रोजी हार्टफर्डला सात विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. पहिले नाव अ‍ॅलिसचे होते. क्लेर तीन वर्षांच्या करारावर आले होते, ते 1858 साली निवृत्त झाले.

मधल्या काळात त्यांचे लग्न झाले. शाळेत शिकून गेलेली एलायझा बोर्डमन ही बहिरी मुलगी त्यांना आवडली. मुले बहिरी निपजतील या धास्तीने खुद्द गॅलॉडेट यांनी नापसंती दाखवली. क्लेर यांनी 1819 साली लग्न केलेच. सहा मुले झाली आणि सगळ्यांना ऐकू येत होते. पण मला वाटते, ती बहिरी झाली असती तरी त्या घरात मुकी राहिली नसती. पुढे गॅलॉडेट यांनीही शाळेतल्याच सोफिया फाउलर या बहिऱ्या मुलीशी लग्न केले.

अ‍ॅलिसला मात्र आयुष्य थोडे लाभले. 1830च्या डिसेंबरात डॉक्टर वारले आणि तो महिना संपण्यापूर्वी तीही गेली. क्लेर यांना दीर्घायुष्य मिळाले. 1864 साली वॉशिंग्टनला कर्णबधिरांचे महाविद्यालय सुरू झाले त्या समारंभाला ते हजर होते. 18 जुलै 1869 रोजी हार्टफर्डला त्यांनी देह ठेवला.

क्लेर यांच्यामुळे जे घडले ते मोठे नवलाचे आहे. त्यांनी आणलेल्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी आपापल्या घरून व गावांहून आणलेल्या खुणा हार्टफर्डच्या शाळेत एकत्र मिसळल्या, आणि त्यातून अमेरिकेची खुणांची भाषा तयार झाली. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावरची मुलेही तेथे शिकली. त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या बहिरी माणसे बरीच होती, म्हणून ऐकणारे शेजारीही सर्रास हातांनी बोलत. आजही इंग्लंड आणि अमेरिका या दोन देशांची बोलण्याची भाषा एक, पण तेथली बहिरी माणसे समोरासमोर आली तर एकमेकांची भाषा समजत नाही. इंग्रज दोन हातांनी मुळाक्षरे दाखवतात, अमेरिकन एका हाताने. अमेरिकन खुणांचे माहेर फ्रान्स आहे, इंग्लंड नव्हे. गॅलॉडेट यांना लंडनमध्ये दार उघडले असते तर कदाचित ही गोष्ट निराळी झाली असती.

माझी समजूत होती की खुणा म्हणजे सगळीकडे सारख्याच. ती साफ चुकीची निघाली. जगात अशा तीनशेहून अधिक भाषा आहेत, असे संयुक्त राष्ट्रसंघ सांगतो. आयर्लंडात डब्लिनला मुलींची शाळा 1846 साली आणि मुलांची 1857 साली, अशा निरनिराळ्या निघाल्या. परिणाम असा झाला की बायकांच्या खुणा वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. लग्न झाले की बायका नवऱ्याच्या खुणा उचलत आणि मैत्रिणी जमल्या की आपल्या माहेरच्या खुणांनी बोलत! निकाराग्वा देशात 1970च्या दशकाच्या अखेरीस बहिरी मुले शाळेत प्रथमच एकत्र आली. कोणी न शिकवता त्या मुलांनी आपापल्या घरगुती खुणांतून पुढच्या वर्षांत नवी भाषाच रचली. आपल्या देशातही भारतीय सांकेतिक भाषा आहे. तिचे व्याकरण मराठीचेही नाही आणि इंग्रजीचेही नाही. प्रश्न विचारताना कोण, कुठे, काय हा शब्द तिच्यात शेवटी येतो. दिल्लीला 2015 साली तिच्यासाठी सरकारी संस्था निघाली आणि 2021 पर्यंत 10,000 शब्दांचा कोश झाला.

मधल्या शंभर वर्षांत या भाषांचे फार हाल झाले. 1880 साली इटलीत मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. जमलेल्या दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बहिरा माणूस एकच होता. तोंडाने बोलणे हेच खरे, खुणा नकोत, असा ठराव झाला आणि देशोदेशीच्या शाळांत मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. 1960 साली विल्यम स्टोकी या प्राध्यापकांनी अमेरिकन खुणांचा बारकाईने अभ्यास करून ती पूर्ण भाषा असल्याचे दाखवले. मिलानचा तो ठराव त्याच परिषदेच्या परंपरेतील लोकांनी 2010 साली कॅनडात व्हँकुव्हरला जाहीरपणे नाकारला. मी वन्संना दटावीत होते, तेव्हा मीही त्या जुन्या ठरावाच्याच बाजूने होते, हे मला ठाऊक नव्हते इतकेच.

वन्सं शाळेत गेल्या नाहीत. दुसरे बहिरे माणूस त्यांना जन्मात भेटले नाही. त्यांच्या खुणा आमच्या उंबरठ्याच्या आतच राहिल्या. आता त्या जाणणारी मी एकटी उरले आहे. माझ्यामागे ती भाषा संपेल.

आता चरित्र सोडून मंडळाविषयी एक गोष्ट लिहिते, चिटणीसबाईंनी ती गाळू नये. गेल्या वर्षी आपल्या शिवणवर्गात नाव घालायला एक बहिरी मुलगी आईबरोबर आली होती. तिला शिकवायचे कसे, असा प्रश्न पडून आपण तिला परत पाठवले. त्या बैठकीत मी होते. चाळीस वर्षे बहिऱ्या नणंदेबरोबर संसार केलेली मी, तोंडातून अक्षर काढले नाही. आबे द लेपे यांना शिवण करणाऱ्या दोन मुली भेटल्या आणि त्यांनी शाळा काढली. आपल्याकडे मुलगी शिवण शिकायला आपण होऊन आली आणि आपण दार लावून घेतले.

कसे शिकवायचे याचे उत्तर क्लेर यांच्याच चरित्रात आहे. लंडनमधील बहिऱ्या मुलांच्या शाळेत ते जेवणाच्या वेळी गेले होते. तेथल्या मुलांच्या खुणा निराळ्या होत्या. पण क्लेर यांनी हात हलवायला सुरुवात केली मात्र, सगळी मुले खुलली आणि थोड्याच वेळात देवाणघेवाण सुरू झाली. दोन्ही बाजूंना हौस असली की वाट निघते. शिवण तर हाताने दाखवायचीच विद्या. कापड बेतणे, टाका घालणे, काज करणे यांत तोंडाचे काम ते किती?

नवा वर्ग सुरू होईल तेव्हा त्या मुलीला मी स्वतः जाऊन घेऊन येईन, आणि पहिले दोन महिने तिच्याशेजारी बसेन. तिच्या खुणा वन्संसारख्या असणार नाहीत, मला त्या नव्याने शिकाव्या लागतील. शिकेन. आपणही पाच-दहा खुणा शिकून घ्याव्या, एवढीच विनंती. ती आपणा सर्वांना नावे ठेवील, आणि ती नावे खुणेची असतील. माझे काय ठेवते ते पाहू.

एक सभासद