डॉ. वसंत रामजी खानोलकर

अंगावर एखादा फिकट चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही. म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. एके काळी मात्र असा चट्टा कुष्ठरोगाचा आहे हे कळताच माणसाला घर व गाव सोडावे लागे. या चट्ट्याखाली नेमके काय चालते, हे सूक्ष्मदर्शकातून पाहण्यात ज्यांनी अनेक वर्षे वेचली, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर होत.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. हे शहर आता पाकिस्तानात आहे. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवून ते मायदेशी परतले. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले आणि १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा सांभाळली.

रोग्याच्या शरीरातील ऊतीचा पातळ काप घेऊन त्यातील पेशी तपासणे, हे विकृतिशास्त्रज्ञाचे काम. खानोलकर त्या कापापाशी थांबत नसत. रोगी काय खातो, काय नेसतो, याचीही ते चौकशी करीत. तंबाखू चघळण्याचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी मांडला. कमरेला धोतर घट्ट कसल्याने त्वचेवर वर्षानुवर्षे घर्षण होते आणि तेथे कर्करोग उद्भवू शकतो, हेही १९४५ साली त्यांनी दाखवून दिले. रोजच्या नेसण्यात रोगाचे कारण शोधावे, हे तेव्हा किती जणांना सुचले असते?

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांवरील त्यांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. हे जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंमध्ये शिरतात. म्हणूनच चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो. आपल्या ऊतींमध्ये जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्यांना हिस्टिओसाइट म्हणतात. या रोगाच्या तीव्र प्रकारात त्या जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. उलट जंतू त्यांच्यातच वाढतात. राखणदारानेच चोराला घरात थारा द्यावा, तसा हा प्रकार!

त्या काळी पेशी रंगवून, तिच्या आकारावरून ओळखावी लागे. पुढे प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशींवरील विशिष्ट खुणा शोधता येऊ लागल्या. हिस्टिओसायटोसिस या विरळ रोगाच्या एका प्रकारात याच कुळातील पेशी हाडांत व त्वचेत दाटी करतात. तेथे ‘सीडी-१ए’ ही खूण आढळली, की निदानाला भक्कम आधार मिळतो. खानोलकरांच्या हाती हे साधन नव्हते.

१९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. कुष्ठरोग पूर्ण बरा करणारा बहुविध औषधोपचार जागतिक आरोग्य संघटनेने सुचविला तो त्यानंतर, १९८१ साली.